सिग्नलला ऑइलचा लाल दिवा: स्विच, जाड ऑइल, पंप की अख्खं इंजिन?

कात्रजचा घाट करून गाडी स्वारगेटला येते, जेधे चौकात दोन मिनिटं थांबते आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनला त्याचा मागमूसही नसतो. मारुतीची जुनी 800, झेन किंवा एस्टीम सांभाळणाऱ्यांना हे नवीन नाही. मग चार जणांना विचारलं की चार सल्ले मिळतात: दिव्याचा स्विच बदला, 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल टाका, ऑइल पंप बदला, इंजिन उघडा. पहिल्याला काही शे रुपये, शेवटच्याला पाच आकडी रक्कम.

माझ्या 1997 च्या झेनमध्ये हा दिवा तीनदा लागला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. त्यामुळे यातला कुठला सल्ला कधी घ्यायचा, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. मात्र दिवा सतत पेटलेला असेल आणि खालून ठोका ऐकू येत असेल, तर पुढचं नंतर वाचा. इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी टो करून न्या.

स्विच बदलायचा की मीटर लावायचा?

बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा दिवा साध्या स्विचवर चालतो. इंजिनमधल्या ऑइलचं प्रेशर साधारण 0.2 ते 0.5 बारच्या, म्हणजे 3 ते 7 पीएसआयच्या खाली गेलं की स्विच वायरला बॉडीची अर्थ देतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा विझलेला असणं ही काही इंजिन ठणठणीत असल्याची खूण नाही. 8 पीएसआयवरही तो विझलेलाच राहतो.

स्विच स्वस्त आहे, नाना पेठेत सहज मिळतो, म्हणून आधी तोच बदलून बघायचा मोह होतो. वायरची शंका तर फुकटात फिटते: चावी ऑन ठेवून स्विचवरची वायर काढा. दिवा विझायला हवा. नाही विझला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे. वायरच्या टोकाला ऑइल लागलेलं दिसलं, तर स्विच आतून गळतोय.

पण अंदाजाने स्विच बदलण्यापेक्षा त्याच भोकात ऑइल प्रेशरचा मेकॅनिकल मीटर लावून घेणं मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं. काम अर्ध्या तासाचं आहे. स्विच काढायचा, त्याच आट्यांचा अडॅप्टर हाताने फिरवत बसवायचा, आणि नळी एग्झॉस्टला टेकणार नाही अशी बाहेर काढायची. झेनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. चुकीच्या आट्यांचा अडॅप्टर पान्याने दामटला तर आटे जातात आणि नसतं दुखणं मागे लागतं. आधी थंड इंजिनचा आकडा लिहून घ्या. मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवा, पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ द्या, आणि आयडलला (रेस न देता) व 3000 आरपीएमला काटा कुठे उभा राहतो ते लिहा. दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे. खरा आकडा मात्र तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा एका गॅरेजने गाडीला हातही न लावता ‘इंजिन गेलं’ असं सांगितलं होतं. मीटर लावल्यावर काटा गरम आयडलला 14 पीएसआयवर आणि 3000 ला 45 वर होता. स्विच खराब होता, एवढंच. त्या दिवशी मी इंजिन उघडायला हो म्हणालो असतो, तर धडधाकट बेअरिंग (क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, ज्यांत फिरतो ते धातूचे पातळ कप) फेकली गेली असती. मीटरशिवाय इंजिनचं काम सुचवणाऱ्याकडे गाडी सोडू नका, असं मी कळकळीने सांगतो ते याचमुळे.

जाड ऑइल टाकायचं की चेंबर उतरवायचं?

जाड ऑइलने आकडा वाढतो, हे खरं आहे. 100 अंश सेल्सिअसला 40 ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स असते, 50 ग्रेडची (20डब्ल्यू-50 मधले 50 तेच) 16.3 ते 21.9. झिजलेल्या फटीतून जाड ऑइल हळू निसटतं, म्हणून काटा वर येतो. फट मात्र तेवढीच राहते, आणि सकाळी स्टार्ट करताना ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, पोचायला जास्त वेळ घेतं.

माझं मत असं: मीटरवर आकडा किंचितच कमी असेल, खालून आवाज नसेल आणि गाडी आठवड्यातून दोनदा मंडईपर्यंत जात असेल, तर 20डब्ल्यू-50 वर वर्ष-दोन वर्षं काढायला हरकत नाही. हायवेला, घाटात चालणाऱ्या गाडीला नको.

त्याआधी डिपस्टिकचा वास घ्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची लेव्हल कमी होण्याऐवजी वाढते, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि प्रेशर पडतं. इथे जाड ऑइल टाकणं म्हणजे पैसे वाया. फ्युएल पंप बदला, मग ऑइल आणि फिल्टर.

दुसऱ्यांदा मी स्वतः फसलो ते इंजिन फ्लशमुळे, म्हणजे आतला गाळ धुणाऱ्या द्रवामुळे. वर्षानुवर्षांचा काळा गाळ सुटला आणि चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसला. ही खूण लक्षात ठेवा, कारण ती झिजेच्या अगदी उलट असते: आयडलला प्रेशर ठीक, पण रेस वाढवली की काटा वर जायच्याऐवजी खाली येतो. पंपाला जास्त ऑइल हवं असतं आणि जाळी ते येऊ देत नाही. चेंबर उतरवलं तेव्हा जाळीवर डांबरासारखा थर होता, बोटाने खरवडून निघाला. जाळी धुऊन, नवं गॅस्केट लावून काम झालं. जुन्या, गाळ धरलेल्या इंजिनला फ्लश घालूच नका.

पंप की बेअरिंग?

गरम आयडलला काटा 4-5 वर आणि 3000 ला जेमतेम 20 असेल, तर झीज आहे. पण नुसता पंप बदलून भागेल का? पंप ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना होणाऱ्या अडवणुकीमुळे. ती फट साधारण 2 ते 5 शतांश मिलिमीटर असते आणि निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की ऑइल आठपट निसटतं. म्हणून बेअरिंग झिजलेली असताना नवा पंप फारसं काही करू शकत नाही.

झेनचा ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो. तो काढायला टायमिंग बेल्ट आणि चेंबर दोन्ही उतरवावं लागतं. मजुरी एवढी लागणारच असेल, तर त्याच वेळी दोन कनेक्टिंग रॉडच्या कॅप उघडून बेअरिंग बघायला सांगा. जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का, तेही तेव्हाच कळतं.

अर्धं इंजिन उघडून दुरुस्ती की भंगारातलं दुसरं इंजिन?

क्रँकवर नख अडकेल अशी चर नसेल, तर नवी स्टँडर्ड बेअरिंग पुरतात. चर असेल तर क्रँक ग्राइंडिंग मशीनवर घासून अंडरसाइज (बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) बेअरिंग घालावी लागतात. जुन्या बाजारातलं इंजिन स्वस्त आणि झटपट वाटतं, पण त्याचं प्रेशर कुणी मोजलेलं नसतं आणि इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. गाडीला 15 वर्षं झाली असतील, तर दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत जायचंच आहे. तिथे नंबर जुळला नाही की खेटे सुरू. माझा कौल स्वतःच्या इंजिनच्या दुरुस्तीला.

तिसऱ्या वेळी मी तेच केलं. मिस्त्रींनी दोन नंबरच्या रॉडची बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. कडेला करडा थर शाबूत होता आणि मधे रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात तो घासून खालचं तांबं उघडं पडलं होतं. जुनी बेअरिंग अशी मागून घ्या आणि उजेडात धरून बघा. नवी बसवल्यावर तोच मीटर पुन्हा लावायला सांगा. माझ्या गाडीचा काटा तेव्हा गरम आयडलला 18 वर थांबला.