एकाच क्लबचे सख्खे भाऊ: एका कार्डसंचाचे परीक्षण

फुटबॉलच्या इतिहासात एकाच क्लबकडून खेळलेल्या सख्ख्या भावांवर बेतलेला हा कार्डसंच खेळण्यासाठी आहे की वाचण्यासाठी, हे खोक्यावरील मजकुरावरून नीट कळत नाही. मात्र ज्याला या खेळाची मनापासून आवड आहे, तो डाव मांडण्याआधी ही कार्डे वाचूनच काढील, याविषयी मला शंका नाही. प्रत्येक कार्डाच्या दर्शनी बाजूस क्लबच्या जर्सीतील दोघा भावांचे रेखाचित्र आहे आणि मागील बाजूस दोन रकान्यांत त्यांची क्लबमधील वर्षे, सामन्यांची संख्या व चार-पाच ओळींची हकिगत दिलेली आहे. पुठ्ठा जाड आहे, अक्षरे ठळक आहेत आणि रंग पक्के आहेत. छपाईबद्दल तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती दर्शनी चित्राबद्दल. संचातील झाडून सगळे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. एकाच क्लबकडून खेळणे आणि एकाच वेळी खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील सगळी गंमत त्या फरकातच आहे. पण चित्रकाराने सर्वांना सरसकट एकाच दावणीला बांधले आहे.

मँचेस्टर युनायटेडच्या नेव्हिल बंधूंना हे चित्र शोभते. गॅरीने 1992 ते 2011 या काळात क्लबसाठी 602 सामने खेळले, फिलने 2005 मध्ये एव्हर्टनला जाईपर्यंत 386. 1999 मध्ये युनायटेडने एकाच हंगामात तीन मोठी विजेतेपदे पटकावली, त्या संघात दोघेही होते. कैझर्सलाउटर्नच्या फ्रित्झ आणि ओटमार वाल्टर यांचे कार्ड तर याहूनही भक्कम आहे, कारण या भावांनी क्लबला 1951 आणि 1953 मध्ये जर्मन विजेतेपद मिळवून दिले आणि 1954 चा विश्वचषकही एकत्रच जिंकला.

आता लाउड्रुप बंधूंचे कार्ड पाहा. नेदरलँड्समधील अयाक्स क्लबच्या लाल-पांढऱ्या जर्सीत मायकेल आणि ब्रायन हसत उभे आहेत. प्रत्यक्षात मायकेल अयाक्समध्ये 1997-98 चा एकच हंगाम खेळला आणि निवृत्त झाला, तर ब्रायन तेथे 1999 मध्ये आला आणि त्यानेही त्या एका हंगामानंतर खेळ थांबवला. म्हणजे दोघा भावांनी आपल्या कारकिर्दीचा शेवट एकाच क्लबमध्ये केला आणि तरीही त्या क्लबच्या मैदानावर ते सहकारी म्हणून कधी उतरले नाहीत. डेन्मार्कमधील ब्रॉन्डबी क्लबमध्येही हाच प्रकार घडला होता. थोरला मायकेल 1983 मध्ये इटलीला गेल्यानंतर तीन वर्षांनी धाकट्याचा पहिल्या संघात प्रवेश झाला. इतकी विलक्षण चुकामूक हाती असताना मागील मजकुरात तिचा उल्लेखही नसावा, हे मला खटकले. वर्षांचे आकडे दोन्ही रकान्यांत बिनचूक आहेत, परंतु ते शेजारी ठेवून वजाबाकी करण्याचे काम वाचकावर सोडले आहे.

कूमन बंधूंच्या बाबतीत तर निवडच फसली आहे. एर्विन नेदरलँड्सच्याच पीएसव्ही या क्लबमध्ये आधी 1979 ते 1982 आणि पुन्हा 1990 ते 1994 असा दोनदा होता; रोनाल्ड त्या दोन मुक्कामांच्या मधल्या फटीत, 1986 ते 1989 या काळात, तेथे खेळला. कार्ड काढायचेच होते तर ग्रोनिंगेनचे काढायला हवे होते, कारण तेथे दोघे खरोखर एकत्र खेळले आणि त्यांचे वडीलही त्याच क्लबचे खेळाडू होते. पीएसव्हीचे नाव मोठे म्हणून ते निवडले असावे, असे दिसते.

सर्वांत वाचनीय मजकूर बायर्न म्युनिकच्या होनेस बंधूंच्या कार्डावर आहे आणि केवळ त्यासाठी मी हा संच दुसऱ्यांना दाखवीन. उली होनेसने बायर्नबरोबर 1974 ते 1976 असा सलग तीन वेळा युरोपियन चषक जिंकला, मात्र गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द अकाली संपवली आणि 1979 मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो क्लबचा व्यवस्थापक झाला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ डीटर श्टुटगार्टहून बायर्नमध्ये आला. एकाने बूट काढले आणि दुसऱ्याने घातले. पुढची आठ वर्षे एक भाऊ कचेरीत तर दुसरा मैदानावर होता. 1982 च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात डीटरचे डोके फुटले, डोक्याला पट्टी गुंडाळून तो खेळत राहिला आणि दोन गोलांनी पिछाडीवर पडलेल्या बायर्नने 4-2 असा विजय मिळवला, तेव्हा चौथा गोल त्याने त्याच डोक्याने केला. प्रतिस्पर्धी न्यूर्नबर्ग होता, ज्या क्लबकडून उलीने उसनवारीवर आपले अखेरचे सामने खेळले होते. येथे चित्रकारालाही वेगळी कल्पना सुचायला हरकत नव्हती: एकाला कोट, दुसऱ्याला पट्टी. पण खांद्यावरचा हात येथेही सुटलेला नाही.

जुळ्या भावांची कार्डे त्यामानाने सोपी आहेत. मँचेस्टर युनायटेडच्या राफाएल आणि फाबियो दा सिल्वा यांच्या कार्डावर 2009 च्या बार्न्सलीविरुद्धच्या लीग चषक सामन्याचा किस्सा आहे, ज्यात राफाएलच्या चुकीबद्दल पंचांनी फाबियोला पिवळे कार्ड दाखवले होते. लार्स आणि स्वेन बेंडर यांनी लेव्हरकुसेनमधून 2021 मध्ये एकाच वेळी निवृत्ती घेतली, एवढे सांगून तेथील मजकूर थांबतो आणि तेवढे पुरेसेही आहे.

दोन रकान्यांचा साचा मात्र साउथॅम्प्टनच्या वॉलेस बंधूंवर अन्याय करतो. ऑक्टोबर 1988 मध्ये डॅनी आणि त्याचे जुळे धाकटे भाऊ रॉड व रे असे तिघे एकाच सामन्यात क्लबकडून उतरले होते. अव्वल श्रेणीत असे क्वचितच घडते. कार्डावर डॅनीला पूर्ण रकाना मिळाला आहे, तर जुळ्यांना उरलेल्या एका रकान्यात बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवले आहे. याउलट चेल्सीच्या एडन व थॉर्गन हझार्ड बंधूंना प्रशस्त जागा मिळाली आहे, जरी थॉर्गनच्या नावापुढे सामन्यांच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. तो 2012 मध्ये क्लबशी करारबद्ध झाला, पण मुख्य संघाकडून त्याने एकही सामना खेळला नाही. करारावरील सही हा निकष धरला तर असे आणखी कितीतरी भाऊ संचात घ्यावे लागतील. ही रेघ छापताना कोणीतरी थबकायला हवे होते.

आशियाकडे संपादकांनी पाठच फिरवली आहे. कोलकात्याची मैदाने गाजवणारे हैदराबादचे महंमद हबीब आणि महंमद अकबर हे भाऊ या विषयावरील कोणत्याही संचात असायलाच हवेत. मायदेशी अर्जेंटिनात रेसिंग आणि इंडिपेंडिएंटे या कट्टर वैरी क्लबांत वाढलेले आणि 2005 ते 2007 मध्ये स्पेनच्या सारागोसात सहकारी झालेले दिएगो व गाब्रिएल मिलितो हेही वगळले गेले आहेत. ज्यूड बेलिंगहॅम 2023 मध्ये डॉर्टमुंड सोडून गेल्यावर 2025 मध्ये त्याचा भाऊ जोब तेथे दाखल झाला, ही जोडी संच आधीचा असल्याने नाही, आणि त्याबद्दल दोष देता येणार नाही.

खेळाचा नियम असा आहे की दोघा भावांच्या सामन्यांची बेरीज ज्याची मोठी, त्याने डाव जिंकावा. परिणामी 988 ची बेरीज घेऊन बसलेले नेव्हिल बंधू ज्याच्या हाती पडतात त्याची सरशी जवळजवळ ठरलेलीच असते, आणि डाव लवकरच कंटाळवाणा होतो. मी बेरजेऐवजी दोघांनी एकत्र काढलेले हंगाम मोजून खेळण्याचा पर्याय सुचवीन. त्या हिशेबात लाउड्रुप आणि कूमन यांना शून्य गुण मिळतात, रुमेनिगे बंधूंना बायर्नमधील 1982 ते 1984 या दोन हंगामांचे दोन, आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या इनाकी व निको विल्यम्स यांचा आकडा 2021 पासून वाढतच जातो. खेळणाऱ्याला कार्डावरील वर्षे वाचावी लागतात, थोडे डोके चालवावे लागते आणि डावात चुरस येते.

ज्यांना युरोपीय क्लबांचा इतिहास ठाऊक आहे त्यांनी हा संच मागील बाजूच्या मजकुरासाठी अवश्य घ्यावा. लहान मुलांना तो भेट द्यायचा असेल तर मात्र थांबावे, कारण चित्र पाहून मनात बसलेला समज आकड्यांनी सहजासहजी निघत नाही. पुढील आवृत्तीत ‘एकत्र हंगाम’ असा तिसरा रकाना घातला आणि जे कधी एकत्र खेळले नाहीत त्यांना चित्रात पाठमोरे, नाहीतर निदान वेगवेगळ्या चौकटींत दाखवले, तरी हा संच मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल.