मॉर्फोलिबजे: थ्रीडी प्रतिमेतले तुकडे जोडण्यासाठी कितपत उपयोगी?

फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी स्टॅकचं (एकावर एक रचलेल्या स्लाइसच्या प्रतिमेचं) सेगमेंटेशन, म्हणजे त्यातली प्रत्येक पेशी वेगळी काढण्याचं काम, करणाऱ्यांनी मॉर्फोलिबजे हे मोफत प्लगइन बसवून घ्यावंच. अपडेट साइट्सच्या यादीत 'आयजेपीबी-प्लगइन्स'वर टिक करायची, फिजी बंद करून परत सुरू करायचं, झालं. वनस्पतींच्या पेशीभित्तिका उजळ दिसणाऱ्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या स्टॅकवर त्याचं काम खास खुलतं.

अशा स्टॅकला 'मॉर्फोलॉजिकल सेगमेंटेशन'मध्ये 'बॉर्डर इमेज' निवडा. खरी मेख आहे ती टॉलरन्समध्ये, म्हणजे किती खोल खळगा (आजूबाजूपेक्षा काळा भाग) वेगळा तुकडा धरायचा त्या आकड्यात. ८ बिटच्या प्रतिमेत टॉलरन्स १० ठेवला, तर १० छटांपेक्षा उथळ खळग्याला वेगळं लेबल (तुकड्याचा क्रमांक) मिळत नाही. १६ बिटला मात्र सुरुवातच २००० च्या आसपास करावी लागते. तिथे १० ठेवलंत तर नॉइजच्या प्रत्येक ठिपक्याचा तुकडा पडेल.

टॉलरन्स थोडा कमीच ठेवा. एका पेशीचे तीन तुकडे झाले तर ते जोडता येतात. दोन पेशी एक झाल्या तर त्या वेगळ्या करणारं बटण इथे नाही. झेड दिशेचं रिझोल्यूशन कमी असल्यामुळे स्लाइसला समांतर असलेली भित्तिका फिकट उतरते आणि वरची-खालची पेशी नेमकी तिथेच एकमेकींत मिसळते. म्हणून एक्सझेड बाजूनेही, म्हणजे स्टॅकच्या उभ्या छेदातही, बघून घ्या.

जोडणी सोपी आहे. तुकडे एकाच स्लाइसवर असतील तर फ्रीहँड टूलने त्यांच्यावरून रेघ ओढा. वेगवेगळ्या स्लाइसवर असतील तर पॉइंट टूल घेऊन शिफ्ट दाबून एकेक टिपा. मग 'मर्ज लेबल्स'. पहिल्या टिपलेल्या तुकड्याचा क्रमांक सगळ्यांना मिळतो, तेव्हा सुरुवात मोठ्या तुकड्यापासून करा. घनफळ मोजायचं असेल तर 'कॅल्क्युलेट डॅम्स' बंद ठेवा, कारण डॅमच्या, म्हणजे तुकड्यांमधल्या सीमारेषेच्या, व्हॉक्सेलना (थ्रीडी पिक्सेलना) शून्य मिळतं आणि ते कुठल्याच पेशीच्या हिशेबात येत नाहीत.

उणीव एकच, पण मोठी: ही जोडणी सगळी हातानेच करावी लागते. शंभरेक पेशींना ठीक, हजारोंना अशक्य. तेव्हा लेबल्स सायकिट-इमेज या पायथनच्या लायब्ररीत न्या आणि तुकडे आपोआप जोडणारं 'मर्ज_हायरार्किकल' वापरा. त्यासाठी ग्राफ (कोणता तुकडा कोणाला लागून आहे त्याचं जाळं) दोन तुकड्यांमधली सीमा पाहणाऱ्या 'रॅग_बाउंड्री'ने बांधा, तुकड्याचा सरासरी रंग पाहणाऱ्या 'रॅग_मीन_कलर'ने नको. शेजारच्या पेशी आतून सारख्याच काळ्या असतात. सरासरी रंग पाहून जोडल्या तर सगळ्या एक होतील. शिवाय 'रॅग_मीन_कलर' पायथनच्या लूपमध्ये एकेक व्हॉक्सेल मोजतं, म्हणजे ५१२ घनाच्या स्टॅकला १३ कोटी ४२ लाख फेऱ्या.

आणि लेबल्स सेव्ह करताना ८ बिट टाळा. त्यात २५५ च्या पुढचे क्रमांक मावत नाहीत.