घरच्या गाण्याचे ड्रम्स: माउस, पॅड की तयार ठेके?

एका मित्राने विचारलं, "ड्रम्ससाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" गडी गिटार बरी वाजवतो, चाली लावतो. घरात लॅपटॉप आहे, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस आहे, एक माइक आहे. मी उलट विचारलं, "वाजवणार कशाने?" तो गोंधळला. त्याच्या डोक्यात फक्त सॉफ्टवेअरची नावं होती. ठोके आत जाणार कसे, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

पैसे नेमके इथे वाया जातात. आज फुकट मिळणारे ड्रम किटही खऱ्या स्टुडिओत, खऱ्या माइकांनी टिपलेले असतात. बास, गिटार आणि गळा वर चढला की फुकटचा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) कुठला आणि विकतचा कुठला, हे सांगताना जाणकारही अडखळतात. खोटेपणा उघडा पडतो तो वादनात. हाय-हॅटचा (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजजोडीचा) प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा, तालावर खिळा ठोकल्यासारखा, आणि टॉम्सवर (घुमणाऱ्या ड्रम्सवर) फिल, म्हणजे ओळ संपताना भरायचा तुकडा, चालू असताना हाय-हॅटही बिनधास्त सुरू, जणू वादकाला चार हात! म्हणून आधी पद्धतींची तुलना करतो. सॉफ्टवेअरकडे नंतर वळू.

कसोटीला एकच गाणं धरलं. वेग १०० बीपीएम (मिनिटाला १०० मात्रा), चार-चार मात्रांचे १६ बार, म्हणजे साधारण ३८ सेकंद. साधा आठाचा ठेका आणि शेवटी एक फिल.

पहिली पद्धत माउसची. सॉफ्टवेअरमधला पिआनो रोल, म्हणजे ठोके मांडायची जाळी, उघडायचा आणि एकेक ठोका मांडायचा. खर्च शून्य. मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठला ठोका कधी आणि किती जोरात याची नोंद. जनरल मिडीच्या १९९१च्या संकेताप्रमाणे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) ३६ नंबरवर, स्नेअर ३८वर, बंद हाय-हॅट ४२वर आणि उघडी ४६वर. एवढे चार आकडे पाठ असले की काम सुरू होतं. त्या १६ बारांत हाय-हॅटचेच १२८ ठोके होतात. एक बार मांडून पुढे चिकटवत गेलं तर दहा मिनिटांत ट्रॅक उभा राहतो, आणि तो दहा मिनिटांत उभा केल्यासारखाच ऐकू येतो. जीव ओतायचा तर प्रत्येक ठोक्याचा जोर हाताने बदलावा लागतो. मिडीत हा जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७ असतो. माझा हिशोब असा: दोन आणि चारवरचा मुख्य स्नेअर १०५ ते ११५. मधले पुटपुटणारे घोस्ट नोट्स २५ ते ४०. हाय-हॅटचा मात्रेवरचा ठोका ९०च्या आसपास आणि मधला ६०च्या. हा हाय-हॅटचा चढउतार एवढा एक बदल केला तरी ठेका चालायला लागतो. माझा अर्धा वेळ स्नेअरवर नाही, हाय-हॅटवरच जातो.

माउसचा मोठा फायदा म्हणजे डोळ्यांनी शिकता येतं. ज्याला ड्रम्स वाजवता येत नाहीत पण तबल्याचा ठेका बोटांवर मोजता येतो, त्याला ही जाळी पटकन कळते. तोटा कंटाळ्याचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत माणूस जुनाच बार चिकटवायला लागतो.

दुसरी पद्धत हाताची. पॅड असलेला मिडी कंट्रोलर किंवा छोटा कीबोर्ड. आकाय एमपीके मिनीवर २५ पट्ट्या आणि ८ पॅड असतात, एमपीडी२१८वर १६ पॅड. चार बाय चारची ही मांडणी १९८८च्या आकाय एमपीसी६० पासून चालत आलेली आहे. ते यंत्र रॉजर लिन यांच्या डोक्यातून निघालं. ठोके आपोआप तालावर ओढणं (क्वांटाइझ) आणि त्यांना झोका देणं (स्विंग) या दोन्ही गोष्टी त्यांनी त्याआधीच, १९८०च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये आणल्या होत्या.

बोटांनी वाजवलं की जोराचा चढउतार फुकटात मिळतो. कंटाळा आला की बोट हलकं पडतं, जोर आला की दाबतं, आणि ते ट्रॅकमध्ये उतरतं. फक्त सगळं एका दमात वाजवायला जाऊ नका. पहिल्या फेरीत किक आणि स्नेअर, दुसऱ्या फेरीत हाय-हॅट, तिसऱ्या फेरीत क्रॅश (दणक्याची मोठी झांज) आणि फिल. त्याच १६ बारांना मला तीन फेऱ्या लागल्या आणि वर वीस मिनिटं डागडुजी.

इथे अडसर येतो तो उशिराचा. पॅडवर बोट पडल्यापासून कानात आवाज येईपर्यंतचा वेळ. बफर म्हणजे लॅपटॉप आवाज पुढे देण्याआधी साठवतो तो तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झवर तो १२८ सॅम्पल्सचा ठेवला तर त्यातले जेमतेम ३ मिलिसेकंद बफरचे. ५१२वर ठेवला तर १२ च्या आसपास, आणि हाताला ते जाणवतं. वाजवताना बफर लहान, मिक्सिंगला मोठा. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचा प्रयत्न तर करूच नका. मी एकदा अख्खी संध्याकाळ माझा ताल बिघडलाय असं समजून घालवली होती, आणि बिघडला होता तो हेडफोन.

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट ही तिसरी वाट. ड्रम्स वाजवता येत असतील तर याला तोड नाही. हाय-हॅटचं पेडल किती उघडं हेसुद्धा मिडीत उतरतं, जे माउसने लिहिणं म्हणजे शिक्षा आहे. येत नसतील तर हा महागडा कपडे वाळत घालायचा स्टँड होतो. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: जाळीच्या पॅडांचा आवाज कमी असला तरी किकच्या पेडलचा धक्का फरशीतून खाली जातो. खालचे काका तक्रार घेऊन येतात ती त्या धक्क्याची.

चौथी वाट तयार ठेक्यांची, आणि बहुतेक गीतकार-गायकांनी निदान सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. हे ठेके म्हणजे लूप नव्हेत. लूप म्हणजे ध्वनिमुद्रण, त्यातला एक स्नेअर सहज हलवता येत नाही. मिडी ठेका म्हणजे एखाद्या खऱ्या ड्रमरने वाजवलेल्या ठोक्यांची नोंद. जोर त्याचा, लय त्याची, पण प्रत्येक ठोका आपल्या हातात. टूनट्रॅक या स्वीडिश कंपनीच्या ईझीड्रमर ३ मध्ये आपण दोन-चार ठोके वाजवून दाखवले की त्याच्याशी जुळणारे ठेके ते शोधून देतं, आणि गिटारचा तुकडा टाकला तर त्यावर बसतील असे सुचवतं. ॲपलच्या लॉजिक प्रोमध्ये २०१३पासून ड्रमर नावाची सोय आहे. ठेका किती साधा, किती भरलेला, किती जोरात हे सरकवून ठरवायचं, आणि किक-स्नेअरला बासच्या मागे चालायलाही सांगता येतं. मॅकवाल्यांना गॅरेजबँडमध्ये असाच ड्रमर फुकट मिळतो. विंडोजवाल्यांना लॉजिक आणि गॅरेजबँड दोन्ही नाहीत.

ईझीड्रमर आणि लॉजिकच्या ड्रमरमध्ये फरक असा की ईझीड्रमर दुकानासारखं आहे, हजार ठेके मांडून ठेवलेले, त्यातला एक उचला. लॉजिकचा ड्रमर माणसासारखा, "जरा हळू वाजव रे" म्हटलं की हळू वाजवतो. मला दुकान बरं वाटतं, कारण एकदा उचललेला ठेका मी कापतो, जोडतो. लॉजिकचा ड्रमर दर वेळी थोडं वेगळं काहीतरी करत राहतो, आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आधीचाच ठेका हवा असताना ते आवरावं लागतं. तिथलं वादन मिडीत बदलून घेतलं की मग हवं तसं कापता येतं.

या पद्धतीने माझे १६ बार पंधरा मिनिटांत झाले, आणि चौघांत सर्वांत जिवंत तेच वाजले. पण फिल जसंच्या तसं ठेवलं तर कान टवकारतो: हे आपण कुठेतरी ऐकलंय. म्हणून ठेका तयार घ्यावा आणि फिल स्वतः लिहावं. फिल गायकाच्या शेवटच्या शब्दाखाली सुरू होतं की शब्द संपल्यावर, हे कुठल्याही ठेक्यांच्या पेटीला माहीत नसतं.

आता तयार ठेके कुठे कोलमडतात ते सांगतो, कारण मराठी चाली करणाऱ्यांना हे हमखास आडवं येतं. सात मात्रांचे ठेके या संग्रहांत मिळतात, पण ते रॉकच्या हिशोबाचे, पहिल्या मात्रेवर दणकून किक मारणारे. रूपकाची सम 'खाली'ची असते, म्हणजे तिथे डग्गा घुमत नाही. ती ती ना, धी ना, धी ना. डग्ग्याचं वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर पडतं. तुमची चाल रूपकाच्या अंगाने जात असेल आणि किक एकवर आदळली, तर गाणं उलटं घातलेल्या सदऱ्यासारखं दिसतं. तिथे माउस किंवा पॅड घ्या, किक चार आणि सहावर ठेवा, एकवर फक्त हाय-हॅट किंवा राइड (ठेका धरायची झांज). केहरव्यात भानगड कमी, आठाचा ठेका बराचसा बसतो. पण वर ढोलकी खरी वाजणार असेल तर किक विरळ करा. ढोलकीची घुमारदार बाजू आणि किक एकाच जागेसाठी भांडतात आणि हरते ढोलकी.

सॉफ्टवेअरचं आता थोडक्यात. फुकटात दोन नावं पुरेशी आहेत. मान्डा ऑडिओचं एमटी पॉवर ड्रम किट २, ज्यात ठेकेही येतात. आणि स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ची फुकट आवृत्ती, एकाच किटची, आवाज भरदार, रॉककडे झुकलेला. विकतच्यांत ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ हलकं आणि चटपटीत, जुन्या लॅपटॉपवरही कुरकुरत नाही. ईझीड्रमर ३ ठेके शोधण्यासाठी. सुपीरियर ड्रमर ३ हा त्याचा थोरला भाऊ, आवाजांचा साठा २३० जीबीहून अधिक, प्रत्येक माइकचा पसारा स्वतंत्र. ज्याला मिक्सिंगमध्येच रस आहे त्याने ते घ्यावं. पहिलं गाणं करणाऱ्याने घेतलं तर तो माइक निवडत बसेल आणि गाणं राहील. यांपैकी काहीही घेतलं तरी त्याला घर, म्हणजे गाणं मुद्रित करायचं सॉफ्टवेअर, लागतंच, आणि त्यासाठी रीपर पाहावं. ६० दिवस पूर्ण आवृत्ती वापरून बघता येते आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे.

मध्येच सॉफ्टवेअर बदलणार असाल तर एक खड्डा आहे. किक आणि स्नेअर बहुधा जागेवर राहतात, पण हाय-हॅटच्या निरनिराळ्या उघडीपांचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे. एका किटसाठी लिहिलेला ठेका दुसऱ्यावर टाकला की हाय-हॅटच्या जागी टॉम किंवा काऊबेल वाजते. नंबर जुळवून द्यायची सोय यांतल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. गाणं अर्धवट असताना मात्र त्या फंदात पडू नका.

पद्धत कुठलीही असो, डागडुजी सगळ्यांना सारखीच. मी पहिल्यांदा हात मोजतो. एका क्षणी दोनच ठोके हातांचे, बाकी पायांचे. स्नेअर, हाय-हॅट आणि क्रॅश एकत्र दिसले की हाय-हॅट पुसतो. क्रॅशखाली किक आहे का ते बघतो, नसेल तर क्रॅश पोकळ वाटतो. उघडी हाय-हॅट पुढच्या बंद ठोक्याने तुटते का ते ऐकतो. मग वेळ. शंभर टक्के क्वांटाइझ करत नाही, ६० ते ७० टक्के करतो, म्हणजे चूक निम्म्याहून कमी होते पण तिची दिशा राहते. "ह्युमनाइझ" नावाचं बटण मला फारसं पटलेलं नाही. ते ठोके कसेही विस्कटतं, आणि माणूस कसाही चुकत नाही. माणूस फिलमध्ये पुढे धावतो, ध्रुवपदात जोर धरतो, मंद कडव्यात स्नेअर किंचित मागे टाकतो. रीपरच्या नेहमीच्या, मात्रेला ९६० टिक्सच्या (बारीक भागांच्या) मापात १०० बीपीएमला १६ टिक्स म्हणजे बरोबर १० मिलिसेकंद. मंद कडव्यातला स्नेअर मी तेवढाच मागे ओढतो. याहून जास्त ओढला की आळस वाटतो.

निवडायचंच तर असं बघा. महिन्याला एखादं गाणं, हातात गिटार, ड्रम्सचा गंध नाही: तयार ठेके, आणि फिल माउसने. तबला-ढोलकीचा हात असेल किंवा चाली अवघड मात्रांच्या असतील: पॅड. लय पक्की पण पैसे नाहीत: माउस आणि एमटी पॉवर, तक्रारीला जागा नाही. ई-किट फक्त ज्याला ड्रम्स येतात त्याने.

हे सगळं मित्राला सांगून झालं. तो ऐकत होता, मग म्हणाला, "दादाचा ऑक्टोपॅड माळ्यावर पडलाय. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा. चालेल?" रोलँडचा, आठ पॅडांचा. त्याच्या मागे मिडीचं तोंड असतंच, किकचं पेडल लावायची सोयही असते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातल्या किती घरांच्या माळ्यांवर असे पडून असतील कोण जाणे. त्याला एक मिडी-यूएसबी केबल तेवढी घ्यावी लागली. पॅडांवर दादाने चिकटवलेल्या चिकटपट्ट्या अजून तशाच आहेत, एकीवर पेनाने लिहिलंय: "आरती".