इलेक्ट्रिक गाडीचं मऊ ब्रेक पेडल: दुरुस्तीनंतर एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

चारही चाकांना डिस्क, व्हॅक्यूमऐवजी मोटरवर चालणारा ब्रेक बूस्टर, मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आणि जोरदार रीजन (वेग कमी करताना मोटर गाडी अडवते आणि ती वीज बॅटरीत भरते), अशी ही एसयूव्ही. वापर शहरातला, अधूनमधून कोकणातला. पहिल्या दाबाला पेडल मऊ आणि खोल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट, ही तक्रार होती. दुरुस्तीनंतर अख्खा पावसाळा गेला, पेडल जागच्या जागी आहे. म्हणून आता ठामपणे लिहितो: ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली नुसती एअर काढून हे बरं झालं नसतं. खरा दोष मागच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) गाइड पिनांत, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांत होता, आणि रीजनमुळे ब्रेक फारसे वापरलेच जात नव्हते म्हणून तो वाढला होता.

पेडल खरंच मऊ आहे का, हे आधी पाहावं. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना रीजनची वीज साठवायला जागा नसते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी रोजच्यासारखी अडत नाही आणि ब्रेक कमी लागतोय असं वाटतं. तो बिघाड नाही. तपासणी बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली असताना करावी.

गाडी उभी, रेडी मोडमध्ये (चालू, निघायला तयार), आणि पेडल हलक्या दाबाने अर्धा मिनिट धरून ठेवायचं. हलका दाब मुद्दाम, कारण जोरात दाबल्यावर मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचं) झिजलेलं सील भिंतीला घट्ट चिकटतं आणि गळती लपते. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर आत किंवा बाहेर गळती आहे. तशी गाडी चालवू नका, टो करून न्या. दोन-तीनदा दाबल्यावर वर येणारं पेडल मात्र फसवं. एअर असली तरी तसं होतं, पॅड डिस्कपासून लांब राहत असले तरी तसंच. फरक पेडल वर आल्यावर कळतो: एअर असेल तर तिथेही पायाखाली लवचिक लागतं, नुसती फट असेल तर टणक. या गाडीत थोडं थोडं दोन्ही होतं.

एअर काढायला प्रेशर ब्लीडर (टाकीतून दाबाने ऑइल ढकलणारं साधन) वापरला आणि पुढेही तोच वापरेन. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या तोंडाला त्याचं झाकण पक्कं बसलं की साधारण १ बार दाब पुरतो. व्हॅक्यूम पंप निपलच्या (कॅलिपरवरच्या, एअर सोडायच्या स्क्रूच्या) आट्यांतून बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे नळीत बुडबुडे थांबतच नाहीत आणि आतली एअर निघाली की नाही ते कळत नाही. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने निपल सोडायचं, ही जुनी पद्धत मोटरच्या बूस्टरवर टाळावी. पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरची सील कधी न घासलेल्या, गंज धरलेल्या भागावरून जातात आणि फाटतात. शिवाय बूस्टर फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) टाकू शकतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेकसाठी सर्व्हिस मोड दिला असेल तर तो लावूनच काम करा, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जर जोडून ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट ४, कमी व्हिस्कॉसिटीचं, सीलबंद १ लिटरचा डबा. पातळ ऑइल एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमधून चटकन सरकतं. डॉट ४ चा नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५° वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की हा फरक महत्त्वाचा ठरतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच टाकू नये. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच घ्या; ‘सगळ्यात लांबचं चाक आधी’ हे तिरक्या सर्किटला (पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकं मागचं चाक एका लाइनवर) दर वेळी लागू पडत नाही. एबीएस ब्लॉकमध्ये अडकलेली एअर स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही. रंगावर ऑइल सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा.

एवढं करून पेडल निम्मं सुधारलं. बाकीचं उत्तर चाकं काढल्यावर दिसलं. एकाने पेडल दाबलं आणि दुसऱ्याने कॅलिपरकडे पाहिलं, तर मागचा डावा कॅलिपर सरळ सरकण्याऐवजी वाकत होता. खालची पिन जाम, पॅड तिरका झिजलेला, आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत डोळ्यांना दिसेल इतका फरक. पेडलचा प्रवास तो वाकडेपणा सरळ करण्यात खर्ची पडत होता.

मागचे पॅड काढण्याआधी पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकणं सक्तीचं आहे. पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर त्याची यंत्रणा तुटते. पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं, साधं ग्रीस नाही, कारण त्याने रबरी बूट फुगतात. ब्रॅकेटवर पॅड बसतात तिथला गंज घासून काढला. नवे पॅड दोन्ही बाजूंना, पिनांवर नवे बूट (रबरी टोप्या). गाडी उचलताना जॅक ठरलेल्या जागीच लावा, मजल्याखाली बॅटरी आहे.

नवे पॅड डिस्कवर नीट रुळण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून बरेचदा ब्रेक दाबावे लागतात, पूर्ण न थांबता. पेडल आधी रीजन वापरत असेल तर पॅड डिस्कला लागतच नाहीत. म्हणून हे १०० टक्के चार्जवर करावं. तीच सवय पुढेही ठेवली आहे: पूर्ण चार्ज केला की सुरुवातीचे काही ब्रेक मुद्दाम जरा जोरात. यामुळे डिस्कवरचा गंज निघतो आणि पिना हलत्या राहतात.

पावसात उभ्या गाडीचा पहिला ब्रेक अजून खरखरतो, पण दोन-तीन दाबांत खरखर थांबते. पावसाळ्यानंतर मागची चाकं काढून पाहिली तेव्हा पिना बोटाने सरकत होत्या आणि दोन्ही पॅड सारखे झिजले होते. ऑइल किलोमीटर न बघता दर २ वर्षांनी बदलणार. पाणी ते उभ्या गाडीतही शोषतंच. मागे ड्रम असलेल्या गाडीत हीच लक्षणं दिसली तर पिनांऐवजी शूचे ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट राखणारे भाग) आधी बघा, गंजून अडकलेले असतात.