एका पॅचसाठी पॅकेज पुन्हा बिल्ड करायचे: डेबियन, आर्च की जेंटू?

प्रोग्राममधली एक चूक तुम्हाला सापडली आहे, दहा ओळींचा पॅचही (सोर्स कोडमधला बदल सांगणारी फाइल) हाताशी आहे, पण पॅकेजमध्ये ती दुरुस्ती अजून आलेली नाही. पॅकेज स्वतः बिल्ड करणे, म्हणजे सोर्स कोडमधून तयार करणे, डेबियन, आर्च आणि जेंटू या तिन्ही लिनक्स वितरणांत जमते. निवड करताना बघायचे ते पुढचे: मूळ पॅकेजचे नवे अपडेट आले की तुमच्या पॅचचे काय होते?

सोर्समधून थेट 'मेक इन्स्टॉल' करण्याचा मोह मात्र टाळा. फाइली यूएसआर-लोकल डिरेक्टरीखाली जातात आणि पॅकेज व्यवस्थापकाला त्यांचा पत्ताच नसतो. त्यात लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) असेल तर डेबियनवर तीच आधी सापडते. वर्षभराने मूळ लायब्ररी सुधारली तरी प्रोग्राम तुमची जुनीच उचलत राहतात.

डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक एपीटी. त्याच्या सोर्सच्या यादीत आधी डेब-एसआरसी ही सोर्स पॅकेजेसची ओळ चालू करा, नाहीतर 'एपीटी सोर्स'ला सोर्स मिळणारच नाही. 'एपीटी बिल्ड-डेप'ने बिल्डला लागणारी पॅकेजेस घ्या. उतरलेल्या सोर्समध्ये डेबियन डिरेक्टरीच्या आत पॅचेस डिरेक्टरी असते. पॅच तिथे ठेवा आणि सिरीज या पॅचेसच्या यादीच्या फाइलच्या शेवटी त्याचे नाव लिहा. मग डीसीएच या साधनाने आवृत्ती क्रमांकाला पुरवणी जोडा, पॅकेज बिल्ड करणारे डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवा आणि तयार झालेली डेब फाइल एपीटीनेच बसवा.

खरी गोम त्या पुरवणीत आहे. समजा मूळ आवृत्ती 1.2-3 आहे आणि तुम्ही 1.2-3+लोकल1 केली. डेबियन 12 चे सुरक्षा अपडेट 1.2-3+डेब12यू1 या नावाने येते. एपीटीच्या खाली काम करणारे डीपीकेजी ही पुरवणी रोमन अक्षरांच्या क्रमाने ताडून बघते आणि लोकलमधला एल डेबमधल्या डीनंतर येतो. म्हणून तुमचेच पॅकेज नवे ठरते, सुरक्षा अपडेट बसत नाही आणि कोणतीही सूचनाही येत नाही. पुरवणी ए किंवा बी या अक्षराने सुरू करा. मग अपडेट बसेल, पॅच जाईल आणि पुन्हा बिल्ड करावे लागेल. तुटलेल्या सुरक्षेपेक्षा हे कितीतरी बरे. आणखी एक: त्याच लायब्ररीची 32-बिट प्रत मशीनवर असेल तर दोन्ही प्रतींची आवृत्ती तंतोतंत एक लागते. फक्त 64-बिट बिल्ड केली तर एपीटी अडून बसते.

आर्चमध्ये काम सर्वांत कमी. 'पीकेजीसीटीएल रेपो क्लोन'ने पॅकेजची रेसिपी, म्हणजे ते कसे बिल्ड करायचे याच्या सूचना, घ्या, पीकेजीबिल्ड फाइलच्या सोर्स यादीत पॅच घाला, प्रिपेअर भागात तो लावण्याची ओळ लिहा, चेकसम (फाइल पडताळणीचे आकडे) नवे करा, पीकेजीरेल हा पॅकेजचा बिल्ड क्रमांक 2 असेल तर 2.1 करा आणि 'मेकपीकेजी -एसआय' चालवा. पण अधिकृत 3 आले की आर्चचा पॅकेज व्यवस्थापक पॅकमन तुमचा पॅच निमूटपणे पुसून टाकतो. पॅकमनच्या इग्नोरपीकेजी सेटिंगमध्ये नाव घालून पॅकेज अडवता येते, मात्र भोवतालच्या लायब्ररी पुढे सरकत असतात. एखादीचा एसओ क्रमांक (प्रोग्राम लायब्ररी शोधतो तो आवृत्ती क्रमांक) बदलला की अडवलेला प्रोग्राम सुरूच होत नाही. आर्चवर अडवणे आठवड्याभराचा उपाय म्हणून ठीक आहे, त्याहून जास्त नाही.

पॅच दीर्घकाळ सांभाळायचा असेल तर आमचे मत जेंटूला. ईटीसी-पोर्टेज-पॅचेसखाली गट आणि पॅकेज यांच्या नावाची डिरेक्टरी करून पॅच टाका आणि पॅकेज बिल्ड करून बसवणारी 'इमर्ज --वनशॉट' ही आज्ञा चालवा. ईबिल्डला (जेंटूच्या पॅकेज-रेसिपीला) हात लावायची गरज नाही, पुढच्या प्रत्येक आवृत्तीला पॅच आपोआप लागतो. किंमत मोजायची ती बिल्डच्या वेळेची. मोठा ब्राउझर असेल तर साध्या लॅपटॉपवर कित्येक तास जातात. 2023 च्या डिसेंबरपासून जेंटू तयार बायनरी पॅकेजेसही देते. ती वापरत असाल तर हे पॅकेज इमर्जच्या 'यूजपीकेजी-एक्सक्लूड' पर्यायाने वगळा, नाहीतर तुमचा पॅच नसलेली बायनरी गुपचूप बसते.

नव्या आवृत्तीत पॅच लागला नाही तर बिल्ड तिथेच थांबते आणि कुठला भाग जुळला नाही हे लॉगमध्ये दिसते. बरेचदा कारण एवढेच असते की तीच दुरुस्ती मूळ सोर्समध्ये आली आहे. तसे असेल तर तुमची पॅच फाइल काढून टाका आणि पुन्हा इमर्ज करा.