हळद पॉलिश ड्रमचं नवं मॉडेल आणि ‘पॅक अँड गो’: आठ महिने वापरून

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. हळद पॉलिश करायचे ड्रम बनवतो. गेल्या वर्षी मोठ्या ड्रमची मागणी आली तेव्हा मी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं जुन्या मॉडेलचं अख्खं फोल्डर कॉपी केलं, नवं नाव दिलं आणि कामाला लागलो.

सॉलिडवर्क्सची असेम्ब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या मशीनची फाइल, पार्ट स्वतःच्या पोटात ठेवत नाही, फाइल कुठे आहे तेवढं लक्षात ठेवते. त्यातच एका नावाच्या दोन वेगळ्या फाइल एका वेळी उघडता येत नाहीत; आधी उघडी असेल तीच घेतली जाते. माझ्याकडे जुनी असेम्ब्ली उघडीच होती. नवी समजून साइड प्लेटची भोकं सरकवली, ती जुनीच प्लेट निघाली. महिन्याभरानं तासगावकडच्या एका शेतकऱ्याला जुन्या ड्रमची प्लेट बदलून हवी होती. लेझरवर कापून आणली, तर बेअरिंगचे बोल्ट बसेनात. ऐन हंगामात, शिजवून वाळवलेली हळद पडून असताना त्यांचं मशीन दोन दिवस थांबलं. ते मला अजून खुपतं.

तेव्हापासून प्रत्येक नवं मॉडेल ‘पॅक अँड गो’ या सॉलिडवर्क्समधल्याच सोयीनं काढतोय, आतापर्यंत तीन झाली. मुख्य असेम्ब्ली उघडून फाइल मेनूतून ते घेतलं की लागणाऱ्या सगळ्या फाइलची यादी येते. ड्रॉइंगवर टिक करायची, नवं फोल्डर द्यायचं, नावाच्या पुढे किंवा मागे काही जोडायचं. नव्या नावाच्या फाइल तयार होतात, लिंकही त्यांच्यातच जुळतात. आमच्या ८४ फाइलना पाच मिनिटंही लागत नाहीत. आमच्या काही ड्रॉइंग दुसऱ्या ड्राइव्हवर होत्या, त्या मात्र यादीत आल्या नव्हत्या. त्यामुळे सेव्ह करण्याआधी ड्रॉइंग मोजाच.

खरं डोकं लागतं ते यादीतल्या कुठल्या फाइलची टिक काढायची हे ठरवायला. पहिल्या खेपेला मी सरसकट सगळ्यांना ‘-८००’ जोडलं. मग विकत आणलेल्या एकाच पेडेस्टलची (बेअरिंग बसवायच्या आधाराची) दोन नावं झाली, बीओएममध्ये, म्हणजे लागणाऱ्या भागांच्या यादीत, दोन ओळी आल्या आणि स्टोअरवाल्या काकांनी दोन वेगळे पेडेस्टल मागवले. टिक काढलेला पार्ट कॉपी होत नाही, नवी असेम्ब्ली मूळ जागेवरचीच फाइल वापरते. आता आधी फिटर मामांसोबत बसतो. ड्रमचा पत्रा, शाफ्ट, स्टँडचं चॅनेल बदलणार. पेडेस्टल, गिअरबॉक्स, मोटर तीच राहणार. तीच राहणाऱ्यांसाठी ‘कॉमन’ नावाचं वेगळं फोल्डर केलंय आणि त्यांची टिक काढतो.

फाइलचं नाव बदललं म्हणून कस्टम प्रॉपर्टीत (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) हातानं टाइप केलेला पार्ट नंबर बदलत नाही. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरचा नाव-नंबरचा चौकोन, तिथूनच वाचत असेल तर नव्या ड्रॉइंगवर जुना नंबर छापला जातो. मी टेम्प्लेटमध्ये तो फाइलच्या नावाशी जोडून टाकला, तेव्हा ही कटकट संपली. लेझरवाल्याला देतो त्या डीएक्सएफ फाइलना कसलीच लिंक नसते, त्या प्रत्येक वेळी नव्यानं काढाव्या लागतात.

शेवटी एक तपासणी न चुकता करतो. सॉलिडवर्क्स पूर्ण बंद करायचं, जुन्या मॉडेलच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलायचं आणि नवी असेम्ब्ली उघडायची. एखादा पार्ट सापडत नाही असं विचारलं, तर तो अजून जुन्या फोल्डरकडे बघतोय. दुसऱ्या मॉडेलच्या वेळी आतल्या जाळीचा एक पार्ट असाच सापडला. घाईत मी त्याचीही टिक काढली होती.