'सिटी ऑफ अ‍ॅशेस' : सहा महिन्यांत तीनदा वाचल्यावर

कॅसांड्रा क्लेअरच्या 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचा हा दुसरा भाग, २००८चा. पहिला भाग कॉलेजात वाचलेला आहे, पुरेसं आठवतंय, असं म्हणून थेट यात उडी मारू नका. मागचे संदर्भ इथे संवादांतून तुकड्यातुकड्यांनी येतात. खलनायक व्हॅलेंटाईन कोण हे विसरलेल्या वाचकाला सुरुवातीचा प्रसंग, तो भीतीच्या राक्षसाला बोलावून घेतो तो, कोरडाच लागतो. पहिला भाग सगळा परत वाचायची गरज नाही. शेवटची चार प्रकरणं वाचली की भागतं.

पुढचे मुद्दे कथानक थोडं उघडं करतील.

दुसरी अडचण नावांची. शॅडोहंटर (राक्षसांशी लढणारे योद्धे), क्लेव्ह (त्यांची सत्ता), इन्क्विझिटर (तिची तपासाधिकारी), सायलेंट ब्रदर्स (त्यांचे मौनी साधू) हे आठवत राहतं, घोटाळा होतो तो डाउनवर्ल्डर मंडळींचा, म्हणजे माणूस नसलेल्या जादुई वंशांचा. बुकमार्कच्या मागे चार रकाने आखा: वेअरवुल्फ, व्हॅम्पायर, वॉरलॉक, फेअरी. कोणत्या रकान्यातलं कोण मारलं गेलं ते टिपत चला. व्हॅलेंटाईनला त्याने पळवलेल्या जादुई तलवारीची निष्ठा देवदूतांकडून राक्षसांकडे फिरवायला या चारही वंशांचं रक्त लागतं. रकाने भरत जाताना त्याचा डाव तुमच्या हाताखालीच उलगडतो, आणि मधली पानं रेंगाळत नाहीत.

सगळ्यात जास्त पुन्हा वाचण्यासारखं प्रकरण आठवं, सीली कोर्टाचं, म्हणजे फेअरींच्या राणीच्या दरबाराचं. फेअरींना खोटं बोलता येत नाही, पण खरं वाकवता येतं. पहिल्या वाचनात लक्ष सगळं चुंबनाच्या अटीकडे जातं. दुसऱ्या वेळी राणीचं एकेक वाक्य सावकाश वाचा. नायिका क्लॅरीच्या देणगीबद्दल ती सहज बोलल्यासारखं जे बोलते, त्यावर शेवटची जहाजावरची लढाई उभी आहे. रूनची (शॅडोहंटरांच्या जादुई खुणांची) शक्ती ऐनवेळी कुठून उगवली, ही तक्रार पुष्कळ जण करतात. उत्तर इथेच आहे.

प्रकरणांच्या नावांकडेही दुर्लक्ष करू नका. क्लॅरीचा मित्र सायमन याला दफन करतात त्या प्रकरणाचं नाव सतराव्या शतकातल्या अँड्र्यू मार्व्हेलच्या कवितेतून आलंय. कबर ही छान, एकांताची जागा, पण तिथे कुणी कुणाला मिठीत घेत नाही, असा त्या ओळींचा अर्थ. तो माहीत असला की व्हॅम्पायर होऊन मातीतून वर येणारा सायमन आणि समोर उभी क्लॅरी, यांच्यातलं अंतर काळजाला लागतं. मैत्रीबद्दल या मालिकेत याहून चांगलं फार थोडं लिहिलं गेलंय.

उणीव सांगायची तर क्लॅरी आणि तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो जेस भावंडं आहेत की नाहीत, याचं दळण फार वेळ दळलंय. त्यात क्लॅरीने सायमनशी जोडलेलं नातं वाचकाला आधीपासूनच तात्पुरतं दिसतं. जहाजावर माणसं इतकी आहेत की कोण डेकवर, कोण खाली, हा गोंधळ होतोच. एकूण प्रकरणं एकोणीस. शेवटची पाच प्रकरणं तुकड्यातुकड्यांनी वाचू नका. लोकलमध्ये दादर ते अंधेरी एवढ्या वेळात ती होत नाहीत, रविवारची दुपार मोकळी ठेवा.

आता प्रतीबद्दल. पेपरबॅक जाड आहे आणि गोंदाच्या बांधणीचा. उभ्याने एका हातात धरून मधोमध मोडत वाचलात तर कणा चिरतो आणि मधली पानं आधी सुटतात. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा धरतो, कडा लाटांसारख्या होतात. बॅगेत झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, पण घरी आल्यावर बाहेर काढा, नाहीतर आतच बुरशीचा वास धरतो. हुतात्मा चौकातल्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवरून जुनी प्रत घेताना तिथेच मधलं पान उघडून बांधणी पाहा आणि शेवटी उपसंहार आहे ना, तेही. जुन्या प्रतीचं पहिलं आणि शेवटचं पान अनेकदा गळालेलं असतं.

तेराचौदा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही. मात्र लहान मुलांचे खून आहेत आणि भावंडांचा तो पेच आहे. घरात कुणीतरी आधी वाचलेलं असावं, मुलं विचारतात.

उपसंहार हॉस्पिटलमध्ये घडतो आणि ऐन उत्तराच्या तोंडावर थांबतो. पहिले तीन भाग मिळून एक गोष्ट पुरी होते, म्हणून 'सिटी ऑफ ग्लास' (२००९) घरात आल्याशिवाय याची शेवटची पाच प्रकरणं वाचायला काढू नका.